प्रॅक्टिसच तर होती!

खरं सांगते, स्कॉटलंडला जाताना माझ्या डोक्यात तीनच गोष्टी होत्या. भरपूर झोप, भरपूर फोटो आणि ताईच्या हातची मुगाची खिचडी. मे २०२४. ताई म्हणजे माझी मावसबहीण. ती आणि जिजू आठ वर्षांपासून अ‍ॅबर्डीनमध्ये राहतात. जिजू तिकडच्या मराठी इंजिनीयर लोकांसारखेच ऑइलमध्ये. आठवडाभर ऑफिस आणि वीकेंडला डोंगर.

डोंगर म्हणजे कसे, तर यादीतले! स्कॉटलंडमधल्या तीन हजार फुटांवरच्या शिखरांना ‘मन्रो’ म्हणतात. सर ह्यू मन्रो नावाच्या गृहस्थांनी १८९१ मध्ये त्यांची यादी केली, आणि तेव्हापासून लोक एकेक शिखर सर करून यादीवर टिक मारत बसलेत. आजच्या यादीत २८२ शिखरं आहेत. जिजूंच्या त्र्याऐंशी झाल्या होत्या. मी गेल्यावर चौऱ्याऐंशी आणि पंच्याऐंशी नंबर एकाच दिवशी उरकायचे, असा प्लॅन. कॉनिव्हल आणि बेन मोर असिंट. दोन्ही एकाच धारेवर.

‘उंची किती?’ मी विचारलं.

‘मोठं नऊशे अठ्ठ्याण्णव मीटर.’

मला हसूच आलं. आपलं कळसूबाई १६४६! कॉलेजात असताना रात्रीचं चढून सूर्योदयाला वर पोचलेली मी. जिजू काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘तिकडे गरम कपडे जास्तीचे घे.’

अ‍ॅबर्डीनहून निघालो. वाटेत फिंडहॉर्नच्या बीचवर सँडविच खायला थांबलो. तिथं जाताना उजव्या हाताला एक लांबलचक कुंपण आणि त्यामागे धावपट्टी दिसते. ‘हे किनलॉस,’ जिजू म्हणाले. ‘आधी एअरफोर्सचा तळ होता. २०१२ पासून आर्मीकडे आहे.’ मी मान डोलावली आणि सँडविचमध्ये चटणी आहे का ते बघितलं. त्या नावाची गाठ पुढच्याच सकाळी पुन्हा पडणार आहे, हे तेव्हा काय माहीत!

पुढे इन्व्हरनेस, उल्लापूल. मग गावं संपली आणि नुसता डोंगर, तळी आणि मेंढ्या. इंचनाडॅम्फ हे गाव म्हणावं तर एक हॉटेल, एक हॉस्टेल, चार घरं आणि तळ्याकाठी एक छोटंसं जुनं चर्च. रात्री दहालाही लख्ख उजेड होता. झोप येईना.

सकाळी ताईला उशीर होत होता (तिचं आवरणं हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे), म्हणून मी त्या चर्चच्या आवारात गेले. जुनी थडगी, मागे असिंटचं तळं. तिथं एका दगडावर सहा नावं. सगळ्यांची तारीख एकच. १३ एप्रिल १९४१. मला वाटलं, हे सहाजण इथं पुरलेत. वाचल्यावर कळलं, इथं नाहीत. ते वर आहेत. डोंगरात.

मी जिजूंना बोलावलं. त्यांना माहीत होतं. आणि गंमत म्हणजे, आदल्या दिवशी दाखवलेल्या त्याच किनलॉसच्या धावपट्टीवरून ते निघाले होते.

गोष्ट अशी. १९४१ मध्ये किनलॉसला ब्रिटिश हवाई दलाचं १९ नंबरचं ऑपरेशनल ट्रेनिंग युनिट होतं. सोप्या भाषेत, लढाईवर पाठवण्याआधीचा शेवटचा क्लास. वेगवेगळ्या शाळांमधून पायलट, नेव्हिगेटर, वायरलेसवाले, गनर शिकून यायचे. इथं त्यांची टीम बांधायची आणि बॉम्बर विमानं उडवायला तयार करायचं. वाट काढण्याच्या सरावासाठी त्यांच्याकडे एव्ह्रो अ‍ॅन्सन नावाची दोन इंजिनांची विमानं होती. बिचारी साधी विमानं. पंख लाकडाचे, अंगावर कापड. चाकं आत घ्यायची तर कुणीतरी हँडल फिरवत बसायचं, एकशे चाळीसहून जास्त फेरे! पायलट लोक तिला लाडानं ‘फेथफुल अ‍ॅनी’ म्हणायचे. युद्धाआधीपासून पुढे वर्षानुवर्षं मिळून अशी अकरा हजार विमानं बनली आणि हजारो पोरं त्यातच शिकली.

१३ एप्रिल १९४१. ईस्टरचा रविवार होता. एका अ‍ॅन्सनमधून सहाजण नेव्हिगेशनच्या सरावासाठी निघाले. ठरलेल्या मार्गानं जायचं आणि परत यायचं. एवढाच होमवर्क. वाटेत हवा बिघडली. हिमवादळ सुरू झालं. विमानावर बर्फ साठायला लागला, इंजिनाची ताकद कमी पडू लागली आणि उंची घटत गेली. ढगात खाली काय आहे ते दिसत नव्हतं. खाली बेन मोर असिंटची रांग होती.

विमान सुमारे सातशे मीटर उंचीवरच्या एका उघड्या पठारावर आदळलं. त्यांचा पत्ता लागला तो २५ मे ला. बेचाळीस दिवसांनी. बर्फ वितळल्यावर एका मेंढपाळाला ते सापडले. आदळल्यावर लगेच सगळेच गेले नसावेत, काहीजण थंडीनं गेले असावेत असं मानलं जातं. जागा इतकी अवघड, की सहाही जणांना तिथंच पुरलं आणि वर दगडांचा ढीग रचला. अशा ढिगाला तिकडे ‘केअर्न’ म्हणतात.

‘लढाईवर जाताना?’ ताई मागून आली होती, तिनं अर्धवट ऐकलं होतं.

‘नाही गं,’ मी म्हटलं, ‘प्रॅक्टिस करताना.’

‘अरेरे. नुसत्या प्रॅक्टिसमध्ये?’

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. शब्दन् शब्द. मी काही न बोलता बुटाच्या लेस बांधत बसले.

जिजूंनी विचारलं, ‘मन्रो राहू देत का? तिकडे जायचंय तुला?’ चौऱ्याऐंशी आणि पंच्याऐंशी नंबर सोडायला तयार होणं म्हणजे काय, हे फक्त मन्रोवाल्यांनाच कळेल. मी हो म्हटलं.

वाट ग्लेन डू नावाच्या दरीतून जाते. बाजूला ट्रॅलिगिल नदी. चुनखडीचा भाग असल्यामुळे ही नदी मध्येच जमिनीत गायब होते आणि खाली कुठंतरी पुन्हा वर येते. कोरडं पात्र बघून मला आपल्याकडच्या एप्रिलमधल्या ओढ्यांची आठवण झाली. पुढे मात्र सह्याद्रीशी काही साम्य नाही. झाड नाही, सावली नाही, पायवाट कधी दगडातून तर कधी चिखलातून. चिखल म्हणजे स्पंजसारखा. पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. कळसूबाईची शेखी केव्हाच उतरली होती. कळसूबाईला शिड्या आहेत, बारीची माणसं आहेत, लिंबूपाणी आहे. आणि आपण चढायला सुरुवातच बऱ्याच उंचीवरून करतो. इथं जवळजवळ समुद्रसपाटीपासून!

वाट सोडून वरच्या उतारावर आलो आणि ढग आला. ‘आला’ म्हणजे कसा, तर पंखा बंद केल्यावर खोलीत धूर भरावा तसा. पाच मिनिटांपूर्वी दिसणारी धार नाहीशी. मग ताईचं लाल जॅकेट धूसर. वारा सुरू झाला आणि बारीक, टोचणारा पाऊस. मे महिना होता, लक्षात घ्या! माझी बोटं झिप ओढायला तयार होईनात.

जिजू थांबले. ‘अजून पाऊण तास असेल. पण मला वाटतं, परत फिरू.’

‘पाऊणच तास ना?’ मी म्हटलं. ‘इतक्या लांब आलोय. जाऊ या ना.’

‘दिसत काही नाही. वर सपाटी आहे, सपाटीवर दिशा कळत नाही.’

‘जिजू, प्लीज.’

मी का हट्ट करत होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला तरी कुठं नीट ठाऊक होतं! ताईनं माझ्याकडे बघितलं आणि तिच्या खास मोठ्या बहिणीच्या आवाजात म्हणाली, ‘परत फिरायचं म्हणजे फिरायचं.’ विषय संपला.

परतीला जिजूंनी होकायंत्र माझ्या हातात दिलं. ‘या दिशेला चालत राहा. मी पावलं मोजतो. पंचवीस मिनिटांत ओढा लागेल, ओढ्याजवळच वाट.’ फोनमध्ये नकाशा होता, पण बोटं ओली आणि बॅटरी थंडीनं निम्म्यावर. म्हणून जुनी पद्धत. मी सुईवर डोळे लावून चालले. वारा डावीकडून ढकलत होता. मला वाटत होतं मी सरळ रेषेत चाललेय. ओढा लागला, पण वाट नव्हती. दहा मिनिटं खाली-वर शोधल्यावर सापडली. माझी चूक जेमतेम शंभर-सव्वाशे पावलांची होती.

हॉस्टेलच्या हीटरसमोर बसून जिजूंनी मला ते गणित समजावलं. विमानातसुद्धा तेव्हा हेच करायचे. त्याला ‘डेड रेकनिंग’ म्हणतात. किती वेगानं, कुठल्या दिशेला, किती वेळ आलो, यावरून आपण आत्ता कुठं असू याचा अंदाज. खालची जमीन दिसली तर चूक दुरुस्त करायची. पण वारा विमानाला आडवा ढकलत असतो आणि ढगात ते जाणवत नाही. समजा ताशी तीस किलोमीटरचा आडवा वारा तुम्ही हिशोबात धरला नाही, तर तासाभरात तुम्ही तीस किलोमीटर बाजूला गेलेले असता. कागदावर समुद्र असतो आणि प्रत्यक्षात खाली डोंगर. त्यात पंखांवर बर्फ साठला, की वजन वाढतं, पंखाचा आकार बिघडतो आणि विमान उंची धरत नाही. म्हणजे उंच राहता येत नाही आणि खाली यावं तर खाली काय आहे ते माहीत नाही.

‘आणि हे शिकण्यासाठीच ते निघाले होते,’ जिजू म्हणाले. ‘हे शिकायचं तर ढगात जावंच लागतं. वर्गात बसून नाही येत.’

मग मी त्यांना सांगितलं. ताईला थोडंफार माहीत होतं, जिजूंना नाही.

आमचा कॉलेजच्या दिवसांतला ट्रेकिंगचा ग्रुप होता. त्यात एक मुलगा होता, आमच्यात सगळ्यात धाकटा. एकोणीस वर्षांचा. सुळके चढायचं त्याला वेड. जानेवारी २०१९ मध्ये एक मोठा सुळका करायचं ठरत होतं आणि त्याआधी डिसेंबरभर दर रविवारी पुण्याजवळच्या एका छोट्या कातळावर सराव. जेमतेम चाळीस फुटी कातळ. खाली पोरं क्रिकेट खेळायची. सरावात प्रत्येकाला एक जोडीदार ठरलेला. तुम्ही बांधायचं आणि जोडीदारानं तपासायचं. हार्नेस, गाठ, दोर कशाला बांधलाय ते, सगळं. त्याची जोडीदार मी होते.

त्या रविवारी सकाळी साडेपाचला मी त्याला फोन केला आणि सांगितलं, मी येत नाही. रात्री असाइनमेंट करत जागले होते. ‘प्रॅक्टिसच तर आहे,’ मी म्हटलं, ‘पुढच्या रविवारी नक्की.’ आणि झोपले.

साडेदहाला ज्या अँकरवर दोर होता तो अँकर सुटला. चाळीस फूट.

नंतर लोक भेटायला आले तेव्हा सगळे एकच म्हणत होते. सुळक्यावर गेला असता तर गोष्ट वेगळी. हिमालयात गेला असता तर. हे काय, नुसत्या प्रॅक्टिसमध्ये? जणू मरायलासुद्धा काही लेव्हल लागते! आमच्या ग्रुपनं एक शोकसभा घेतली. सुळक्याच्या पायथ्याशी त्याच्या नावाची पाटी लावायचं कुणीतरी सुचवलं. दुसरं कुणी म्हणालं, पण तो सुळक्यावर कुठं गेला होता? झालं. त्या छोट्या कातळापाशी पाटी लावायची कल्पना कुणालाच सुचली नाही. मलाही नाही. हळूहळू ग्रुप मोडला. मी त्याच्या घरी तेराव्याला गेले, त्यानंतर कधीच नाही. काकूंचा वाढदिवसाचा मेसेज दरवर्षी यायचा. मी ‘थँक यू काकू’ लिहायचे आणि शेजारी दोन फुलं.

जिजू बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘जाताना एका ठिकाणी थांबू.’

परतीच्या वाटेवर ते मला किनलॉसच्या जुन्या मठापाशी घेऊन गेले. पडक्या भिंती आणि भोवती दफनभूमी. तिथं एकसारख्या पांढऱ्या दगडांच्या रांगा आहेत. त्यातली कितीतरी पोरं त्याच ट्रेनिंग युनिटची. एकोणीस वर्षं, वीस, एकवीस, तेवीस. टेकऑफ करताना, उतरताना, ढगात, समुद्रात. मला वाटत होतं अ‍ॅन्सनचा अपघात म्हणजे एखादीच घटना असेल. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बॉम्बर कमांडचे ५५,५७३ लोक गेले. त्यातले सुमारे आठ हजार लढाईत नाही, तर सरावात आणि तशाच नेहमीच्या उड्डाणांत गेले. आठ हजार! एका अख्ख्या गावाएवढे लोक शत्रू न बघताच.

आणि सरावात जाणारे सगळे नवशिकेच असतात असंही नाही. त्या अ‍ॅन्सनचा पायलट होता फ्लाइंग ऑफिसर जेम्स स्टेन. त्याच्या नावापुढे ‘डीएफसी’ अशी अक्षरं आहेत. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस. हे पदक शत्रूसमोरच्या उड्डाणातल्या शौर्यासाठी देतात. म्हणजे हा माणूस लढून परत आला होता आणि मग एका रविवारी सरावाच्या उड्डाणावर गेला. त्याच्याबद्दल कोण म्हणणार, ‘नुसत्या प्रॅक्टिसमध्ये’?

अशा अपघातांमधून पुढे एक गोष्ट उभी राहिली. विमान डोंगरावर आदळायचं, एखाद-दुसरा जिवंत राहायचा आणि मदत पोचेपर्यंत थंडीनं जायचा. वेल्समधल्या एका तळावर जॉर्ज ग्रॅहॅम नावाचे डॉक्टर होते. स्वतः गिर्यारोहक. त्यांनी डोंगरात जाऊन शोध घेणारी माणसं तयार करायला सुरुवात केली. त्यातून १९४३-४४ च्या सुमाराला हवाई दलाची माउंटन रेस्क्यू सेवा उभी राहिली आणि पुढे तिनं विमानवाल्यांइतकेच, किंबहुना जास्तच, साधे गिर्यारोहक वाचवले. किनलॉसलाही अनेक वर्षं अशी टीम होती. असिंटच्या त्या सहाजणांसाठी हे उशिरा झालं.

त्यांचा केअर्न सत्तर वर्षांत ढासळत चालला होता. शेवटी २०१३ मध्ये तिथं ग्रॅनाइटचा नवा दगड बसवला. सहाशे किलोचा. वाट नाही, गाडी जात नाही, म्हणून हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरनं तो दोरीला लटकवून वर नेला. हे काम कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचं. या संस्थेचा नियम मला फार आवडला. ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात जो सैनिक सेवेत असताना गेला, त्याचं नाव जपायचं. गोळी लागून गेला, आजारानं गेला की सरावात गेला, हे विचारायचं नाही. पद विचारायचं नाही. अधिकारी आणि साधा शिपाई, दगड सारखाच.

विमानात बसल्यावर मला आठवलं की या संस्थेची एक जागा माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. खडकी वॉर सिमेट्री! त्या बाजूनं शंभरदा गेले असेन, आत एकदाही नाही. पुण्यात आल्यावर पहिल्याच शनिवारी गेले. दुसऱ्या महायुद्धातल्या १६६८ जणांच्या कबरी तिथं आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात कुठं कुठं पुरलेले, ज्यांच्या थडग्यांची कायमची निगा राखणं शक्य नव्हतं, त्यांना इथं आणलं. कापलेलं गवत, वाफ्यात फुलं आणि तेच एकसारखे दगड. दगडावर नाव, पद, तारीख, वय. तो कसा गेला, हे बहुतेक दगडांवर लिहिलेलंच नाही. मी तासभर फिरले. एक माळीदादा पाणी घालत होते. ‘कुणाचं शोधताय का?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘नाही, सहजच.’

बाहेर येऊन गाडीवर बसले आणि घरी जायच्या ऐवजी कोथरूडला गेले. काकूंकडे. साडेपाच वर्षांनी.

दार त्यांनीच उघडलं. केस जास्त पांढरे झाले होते. ‘अगं बाई! तू? ये ना, ये. आधी पाणी घे.’ जणू मी गेल्या आठवड्यातच येऊन गेले होते. चहा झाला, माझं काम, आईची तब्येत, काकांची रिटायरमेंट. भिंतीवर त्याचा फोटो होता. हेल्मेट घालून हसणारा. मी फोटोकडे न बघता म्हटलं, ‘काकू, त्या दिवशी मी जायला हवं होतं. त्याची गाठ, त्याचा दोर मी तपासायचा होता. मी झोपले.’

काकू म्हणाल्या, ‘माहितीये मला. तुझा फोन आला तेव्हा मी त्याच्या डब्यात पराठे भरत होते. चिडला होता. मग म्हणाला, झोपू दे तिला, काल जागलीये.’

मला रडू आवरेना. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, ‘तू गेली असतीस तर कळलं असतं का तुला? कदाचित हो, कदाचित नाही. मी तरी कितीदा म्हणते, डबा भरायला दहा मिनिटं उशीर केला असता तर? काही अर्थ नाही गं त्याला. पण एवढी वर्षं आली का नाहीस, हे मात्र मी विचारणार.’

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी त्यांना त्या डोंगराबद्दल सांगितलं. सहाजणांबद्दल, चिनूकनं नेलेल्या दगडाबद्दल, आम्ही पाऊण तास आधीच परत फिरलो त्याबद्दल. त्या शांतपणे ऐकत होत्या.

‘परत फिरलात ते बरं केलंत,’ त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, ‘मला एक सांगशील? सगळे येऊन सांगून गेले, तो कसा पडला ते. पोलिसांनी सांगितलं, तुमच्या मुलांनी सांगितलं. पण तो तिथं शिकत काय होता, हे कुणीच नाही सांगितलं. दर रविवारी पहाटे उठून जायचा. काय करायचा तिथं?’

साडेपाच वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगायला लागले. दोर कसा गुंडाळतात, हार्नेस कसा बांधतात, खाली उभ्या असलेल्यानं वरच्याचा दोर कसा धरायचा असतो, आणि तो ते किती छान करायचा. नव्या मुलांना शिकवायलाही त्यानं सुरुवात केली होती. हातानं दाखवता दाखवता मी म्हटलं, ‘काकू, दोरी आहे का घरात?’

त्यांनी बाल्कनीतून कपडे वाळत घालायची नायलॉनची जादाची दोरी आणली. निळी. मी त्यांना पहिली गाठ दाखवली, जी प्रत्येकाला आधी शिकवतात. फिगर ऑफ एट. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दिसते. एक वळसा, मागून फिरवून त्याच वाटेनं परत. काकूंना पहिल्यांदा जमली नाही. दुसऱ्यांदाही टोक उलटीकडून आलं. तिसऱ्यांदा जमली. चष्मा वर करून त्यांनी ती नीट बघितली.

‘अशी?’

‘अगदी अशी. आता ओढून बघायची. बांधली की ओढून बघायचीच.’

त्यांनी जोर लावून ओढली. गाठ घट्ट बसली.

निघताना मी चपला घालत होते तेव्हा काकू दोरी हातात घेऊन दारात आल्या. गाठ तशीच होती. ‘पुढच्या रविवारी येशील?’ त्यांनी विचारलं. ‘दुसरी शिकव.’

मी म्हटलं, येते. आणि या वेळी गेले.